एमजी टीसी, १९४८ : इंजिनाच्या भागांच्या शोधाच्या नोंदी

२ जून २०२४
आपल्या एमजी टीसीचं (जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं) इंजिन उतरवून स्टँडवर घेतलं. गेल्या मालकाच्या काळात गाडी बरीच वर्षं उभीच होती, त्यामुळे आत काय असेल याची धाकधूक होती. पण सगळ्यात आधी पाहिली ती ब्लॉकच्या मागच्या अंगाची अष्टकोनी पितळी पट्टी. काळं तेल पुसल्यावर ‘एक्सपीएजी’ (हे या इंजिनाचं नाव) आणि पुढचा आकडा स्वच्छ दिसला. आरसी बुकातल्या नंबराशी तो जुळतो. म्हणजे इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यातून निघताना या गाडीत जे इंजिन होतं, तेच आज आपल्यासमोर आहे. भारतात इतक्या हातांतून फिरलेल्या गाडीच्या बाबतीत हे भाग्यच.

टीसी १९४५ ते १९४९ या काळात बनल्या, सगळ्या मिळून जेमतेम दहा हजार. त्यांचे चॅसी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता! आपली गाडी पाच हजारांच्या घरातली आहे.

इंजिन मूळचं असल्यामुळे पुढच्या सगळ्या कामाचं सूत्र ठरलं. बाहेरून दिसणारा प्रत्येक ओतीव भाग आणि लुकास (विजेचे भाग) किंवा एसयूचा (कार्बोरेटर, पेट्रोल पंप) प्रत्येक पार्ट त्या काळातलाच हवा. आत घासणारे, झिजणारे भाग आजच्या मालाचे चालतील. मात्र त्यांच्यासाठी ब्लॉकला किंवा हेडला असा एकही छेद देणार नाही, जो उद्या कुणाला परत भरून काढता येणार नाही.

४ जून
काय मूळचं आहे आणि काय नाही, याची यादी केली.

ब्लॉक, हेड, ॲल्युमिनियमचं चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खालच्या उभ्या पट्ट्यांसकट), टायमिंग कव्हर, रॉकर कव्हर : मूळचे. हेडवर ओतीव आकडा २२९५२, म्हणजे बरोबर.
कार्बोरेटर : दोनऐवजी एकच, तोही भलत्याच गाडीचा, घरगुती मॅनिफोल्डवर.
डायनॅमो : लुकासचाच, पण मागे टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याचा) छोटा गिअरबॉक्स नाही.
डिस्ट्रिब्यूटर : बराच नंतरचा.
तेलाचा फिल्टर : गायब, नळ्या एकमेकींना जोडून टाकल्यात.
नट-बोल्ट : निम्म्याहून अधिक बदललेले, काही ठिकाणी जबरदस्तीने ठोकून घुसवलेले.

या यादीत नट-बोल्टांची ओळ सगळ्यात साधी दिसते, पण त्रास तीच देणार.

९ जून
आट्यांचं प्रकरण नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे हे इंजिन कुणी उघडलं तर त्याच्या कामी येईल.

एक्सपीएजी ब्रिटिश इंजिन आहे, पण त्याचे आटे मेट्रिक आहेत. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हॉचकिस ही फ्रेंच बंदूक कंपनी कोव्हेंट्रीत आली आणि तिथे कारखाना उभारला. तिची यंत्रं मेट्रिक मापाची. पुढे १९२३ मध्ये विल्यम मॉरिस यांनी तो कारखाना घेतला आणि त्याचं मॉरिस इंजिन्स झालं. टॅप, डाय, यंत्रं सगळी तीच राहिली. मात्र ब्रिटनमधल्या गॅरेजांत विटवर्थचेच (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) पान्हे असायचे, म्हणून बोल्टांची डोकी विटवर्थ मापाची ठेवली. म्हणजे आत मेट्रिक आटा, बाहेर विटवर्थचं डोकं.

यातली खरी गोम ८ मि.मी.च्या बोल्टात आहे. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ८ चा बोल्ट १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर, मि.मी.त) असतो. एक्सपीएजीचा असतो १.० चा. सुरुवातीचे दोन-तीन आटे हाताने सहज बसतात, पुढे घट्ट होतो. मेकॅनिकला वाटतं आटे मळलेत, तो पान्हा लावतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे सरळ खरडून निघतात. आपल्या चेंबरच्या कडेला हेच झालंय.

८ × १.० चा टॅप आणि डाय बाजारात मिळतात, पण मागवावे लागतात. मागवले. खराब भोकांत स्टीलची गुंडाळी बसवायची, ब्लॉकमध्ये मात्र शक्य तितके मूळचे आटे नुसते टॅप फिरवून साफ करायचे.

बोल्ट कुठून आणायचे हा प्रश्न राहतोच. नवे लेथवर कातून घेता येतील, पण विटवर्थचं जुनं डोकं आणि त्यावरचा काळपट मुलामा पाहिला की नव्या चकचकीत बोल्टाकडे बघवत नाही.

७ जुलै, रविवार
सकाळी मंगळवार पेठेतला जुना बाजार. विटवर्थचे पान्हे मिळाले, चांगल्या पोलादाचे, इंग्लंडच्या छापाचे. एवढंच.

२१ जुलै
आज एक मोठी गोष्ट उलगडली, आणि ती इथल्या मातीतली आहे.

एक्सपीएजी हे नाव म्हणजे कारखान्याचा सांकेतिक शब्द. शेवटचं अक्षर गाडीचं : जी म्हणजे एमजी, एम म्हणजे मॉरिस, डब्ल्यू म्हणजे वूल्सली. त्याच्या आधीचं अक्षर सिलिंडरच्या बोअरचं, म्हणजे आतल्या व्यासाचं. एमजी टीसीचा बोअर ६६.५ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, मिळून १२५० सीसी. मॉरिस टेन सीरिज एममधलं एक्सपीजेएम हे त्याच घराण्यातलं थोरलं भावंड : बोअर ६३.५, स्ट्रोक तोच ९०, ११४० सीसी. एमजीचं इंजिन त्यावरूनच बेतलेलं.

आणि मॉरिस टेन सीरिज एम म्हणजेच आपल्याकडची हिंदुस्थान टेन! हिंदुस्थान मोटर्सने चाळीसच्या दशकाच्या अखेरीला आणली ती. अँबॅसॅडरच्या, अगदी लँडमास्टरच्याही आधीची. म्हणजे इंग्लंडातल्या माणसाला जे बोल्ट लिलावात शोधावे लागतात, त्यांचे सख्खे भाऊ आपल्या देशातल्या भंगारात पडलेले असू शकतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत बहुतेक वितळून गेले असतील, पण सगळे नाही.

हिंदुस्थान मोटर्सचा मोठा कारखाना उत्तरपाड्याला होता, कोलकात्याच्या जवळ. म्हणून शोधाची सुरुवात कोलकात्याच्या मल्लिक बाजारापासून. तिथे जुन्या गाड्यांच्या पार्टांचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. ओळखीतून एका जुन्या व्यापाऱ्याचा नंबर मिळवला. हिंदीत बोलणं झालं. त्यांना ‘एमजी’ म्हटल्यावर आजची एमजी डोळ्यासमोर आली. ‘हिंदुस्थान टेन’ म्हटल्यावर मात्र आवाज बदलला. म्हणाले, “वो तो हमारे वालिद के ज़माने का माल है, देखना पड़ेगा.”

११ ऑगस्ट
मल्लिक बाजाराहून पेटी आली. आत हिंदुस्थान टेनच्या एका उघडलेल्या इंजिनाचे नट-बोल्ट, स्टड, वॉशर, पितळी नट, टायमिंग कव्हरचे लांब बोल्ट. एकेक काढून आट्याच्या गेजवर तपासला. सगळे १.० पिचचे, डोकी विटवर्थ. काहींवर गंज आहे, पण आटे जिवंत आहेत.

व्यापाऱ्याने क्रँक, कॅम आणि मॅनिफोल्डही देऊ केला होता. नाही घेतला. मॉरिसचं इंजिन कुटुंबाच्या शांत सलूनसाठी, एका कार्बोरेटरचं. त्याच्या कॅमशाफ्टवर ५२०० आरपीएमला ५४.४ हॉर्सपॉवर निघणार नाहीत. नातं कितीही जवळचं असलं तरी श्वास घेणारे भाग ज्याचे त्याचेच हवेत.

हे बोल्ट फॉस्फेट करून काळे करून घ्यायचे. झिंक मुळीच नको. झिंकच्या पिवळ्या-निळ्या झाकेने अख्खं इंजिन कालपरवाचं वाटायला लागतं.

१८ ऑगस्ट
क्रँक तपासून आली. एक्सपीएजीच्या क्रँका तडकतात, ही त्यांची जुनी खोड. तीन बेअरिंगांवर चार सिलिंडर आणि स्ट्रोक लांब. म्हणून ग्राइंडिंगच्या आधी चुंबकीय तपासणी केल्याशिवाय एक पैसाही खर्च करायचा नाही, हे पक्कं होतं. भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत करून घेतली. कोपऱ्यांच्या गोलाईत, तेलाच्या भोकांच्या तोंडाशी, कुठेही रेघ नाही.

माप घेतलं. मेन जर्नल (ज्यांवर क्रँक ब्लॉकमध्ये फिरते) मूळचे ५२ मि.मी., बिग एंड (जिथे कनेक्टिंग रॉड बसतात) ४५. दोन्ही झिजून लंबगोल झालेत. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजला ग्राइंड करायचं, आणि त्या मापाचे शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) मिळाल्यावरच, आधी नाही. मशीन शॉपवाले काका म्हणाले, “शेल हातात आल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही.” माझं म्हणणंही तेच.

१२ सप्टेंबर
भाचा इंग्लंडात रेडिंगला असतो. गेल्या आठवड्यात तो माझ्या वतीने ब्यूलीच्या जत्रेला जाऊन आला. दक्षिणेकडच्या हॅम्पशायरमध्ये दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या पार्टांची ही जत्रा भरते, १९६७ पासून. मैदानभर पथाऱ्या, टेबलांवर गंजलेले डबे, पेट्या.

त्याला गाड्यांतलं फारसं कळत नाही, म्हणून कागदावर खुणा लिहून दिल्या होत्या. लुकासच्या मालावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ‘५ ४८’ असं दिसलं की मे १९४८. आपली गाडी ज्या सुमाराला कारखान्यातून निघाली त्याच्या काही महिने आधीचा शिक्का हवा, नंतरचा चालणार नाही. कारण पार्ट लुकासकडून निघून एमजीच्या गोदामात येऊन मग गाडीवर चढायचा.

डिस्ट्रिब्यूटर डीकेवाय४ए हवा होता. त्याने तीन दाखवले व्हिडिओ कॉलवर. पहिल्याचा शिक्का ५१चा, तो टीडीच्या, म्हणजे टीसीनंतरच्या मॉडेलच्या काळातला. दुसऱ्याच्या अंगावरची अक्षरं घासून काढून पुन्हा कोरलेली वाटली, सोडला. तिसरा मळकट, टोपी फुटकी, पण शिक्का १९४८चा आणि शाफ्टला डगडग नाही. घेतला. टोपी, रोटर, पॉइंट मिळतात. शरीर मिळत नाही.

रोटरबद्दल एक गोष्ट : बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच नव्या रोटरांमध्ये पितळी पट्टीला रिव्हेट असतो आणि तो आतून शाफ्टपर्यंत ठिणगी गळू देतो. गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालू होते, आणि माणूस कार्बोरेटर उघडत बसतो. रिव्हेट नसलेला लाल रोटर मागवलाय. झाकणाखाली असतो, दिसत नाही.

त्याच जत्रेत दोन एच२ कार्बोरेटरही मिळाले, पण वेगवेगळ्या टेबलांवरून. त्यावर उद्या लिहितो.

१३ सप्टेंबर
टीसीला सव्वा इंची एसयू एच२ ची जोडी. एच२ आणि नंतरचा एचएस२ लांबून सारखेच दिसतात. फरक खालच्या बाजूला. एच२ चा फ्लोटचा डबा जाड बोल्टने कार्बोरेटरच्या अंगालाच जोडलेला असतो. एचएस२ मध्ये डब्यातून जेटपर्यंत बारीक नळी लोंबते. साठच्या दशकातल्या गाडीला ती शोभते, चाळीसच्या दशकातल्या नाही. विक्रेते एचएस२ ला ‘एमजीचा कार्बोरेटर’ म्हणून विकतात. खोटं नाही, कारण तो नंतरच्या एमजींवर होताच, पण या गाडीचा नाही.

आपली जोडी घडून यायची आहे. अंगं दोन ठिकाणची असली तरी पिस्टन आणि वरचा घुमट कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेले असतात, त्यांची अदलाबदल करायची नाही. थ्रॉटलचा शाफ्ट जिथे फिरतो ती भोकं झिजलीत. हवा तिथूनच शिरते आणि मंद गतीला इंजिन अडखळतं. भोकं मोठी करून पितळी बुश. सुया ‘ईएस’ खुणेच्या, जेट ९० थाऊचे.

इथे काळाशी प्रामाणिक राहण्याला मर्यादा घालावी लागली. एच२ मध्ये जेटच्या भोवती कॉर्कच्या वळ्या असतात. आजच्या आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत चाललंय, पंपांवर ई२० आलंय. इथेनॉलमध्ये भिजून-वाळून कॉर्क आक्रसतो आणि जेटच्या बाजूने पेट्रोल ठिबकतं, खाली गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. टीसीचं इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. कॉर्कच्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या वळ्या टाकणार, त्यात दुसरा विचार नाही. पेट्रोल पंपाच्या पडद्याचंही तेच. पंप मूळचा एसयूचा आहे, त्याची टकटक ऐकू येते, ती राहील. फक्त आतला पडदा नवा.

२९ सप्टेंबर
हेड. जाडी मोजली. कारखान्यातून निघालेल्या हेडची जाडी ७६.७५ मि.मी. असते. आपलं ७५.९ भरलं. म्हणजे आयुष्यात कधीतरी प्लेन केलंय, पण बेतात. कॉम्प्रेशन मूळच्या ७.२५ पेक्षा थोडं वाढलं असणार. ते खपेल, कारण युद्धानंतर ब्रिटनमध्ये मिळायचं ते रेशनचं ‘पूल’ पेट्रोल सत्तरीच्या आसपासच्या ऑक्टेनचं होतं आणि आपल्या पंपावर ९१ मिळतं.

प्लगची भोकं अर्ध्या इंचाच्या पल्ल्याची आहेत. टीडीच्या शेवटच्या काळात पाऊण इंची प्लग आणि पाण्याच्या गोल भोकांचं हेड आलं. आपल्या ब्लॉकला केळ्याच्या आकाराची भोकं आहेत. हेड, ब्लॉक आणि गॅस्केट तिन्ही एकाच पिढीची हवीत. एका विक्रेत्याने गोल भोकांचं गॅस्केट ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून पाठवलं होतं, ते परत केलं.

व्हॉल्व्ह इनलेटचे ३३, एक्झॉस्टचे ३१ मि.मी. नवे व्हॉल्व्ह चांगल्या पोलादाचे घेतले. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी एक्झॉस्टच्या बैठकांत कडक रिंगा बसवाव्यात असा सल्ला दोघा-तिघांनी दिला. बैठका पाहिल्या. मांस शिल्लक आहे, घासून घेण्याजोग्या आहेत. रिंगेसाठी खोल कापावं लागतं आणि मागे पाण्याचा पडदा पातळ असतो. म्हणून कापलं नाही. वर्षाकाठी हजार-पंधराशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला एवढ्यात गरज पडत नाही, आणि पडली तेव्हा रिंग बसवता येईलच. आधी बसवली तर काढता येत नाही.

२० ऑक्टोबर
शेल आले, क्रँक ग्राइंड झाली. बोअर चाळीस थाऊ ओव्हरसाइज. पिस्टन नवे. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाला गजन पिन बोल्टने आवळायची जुनी पद्धत आहे, बोल्ट नवे घेतले. जुने इथे वापरणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

१० नोव्हेंबर
मागचं तेल. ज्याने ज्याने एक्सपीएजी चालवलंय त्याला हा विषय माहीत आहे. मागच्या मेन बेअरिंगच्या बाहेर रबरी सील नाहीच. क्रँकवर मळसूत्रासारखी चर कोरलेली आहे, ती फिरताना तेल परत आत ओढते. तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या कव्हराचा वरचा अर्धा ब्लॉकला बसतो, खालचा अर्धा चेंबरचाच भाग. दोन्ही अर्ध्यांची गोलाई चरीपासून काही थाऊंवर असली तरच ही योजना चालते. जास्त झाली की क्लचवर तेल.

यासाठी आजकाल रबरी सीलचे संच मिळतात. बऱ्याच जणांनी बसवलेत, त्यांचं त्यांना चांगलं चाललंय. माझा कल मूळ योजना नीट मापात आणण्याकडे आहे. तेल गळतं त्यातलं बरंचसं झिजलेल्या मागच्या बेअरिंगमुळे आणि कुणीतरी जाड पॅकिंग टाकून चेंबर खाली ढकलल्यामुळे. आपलं बेअरिंग आता नवं आहे. काकांनी वरच्या अर्ध्याची बैठक निळ्या रंगाने जुळवली, चेंबर पातळ पॅकिंगवर घेतलं आणि फीलर गेजने वर्तुळभर फट तपासली. एका बाजूला जवळ, एका बाजूला लांब, असं कुठेही नाही. समाधानकारक काम.

१ डिसेंबर
फिल्टर. टीसीच्या सुरुवातीच्या फिल्टरचा डबा बंद असायचा, घाण झाला की अख्खा फेकायचा. म्हणूनच आज मिळत नाही. फिरकीच्या आजच्या फिल्टरसाठी जोडणी घेतली आणि तिच्यावर चढेल असा मूळच्या मापाचा पत्र्याचा डबा कसबा पेठेतल्या तांबटाकडून करून घेतला. तांबट आळीत पत्र्याला गोलाई हातोड्यानेच येते. त्याला फोटो आणि मापं दिली. झाकणाच्या कडेची घडी त्याने दोनदा उलगडून पुन्हा घातली, कारण फोटोतल्यासारखी बारीक आली नव्हती. अशी माणसं आहेत म्हणून हे काम शक्य आहे.

१५ डिसेंबर
डायनॅमो हा सगळ्या शोधातला अवघड भाग. टीसीचा टॅकोमीटर इंजिनावरून थेट चालत नाही. डायनॅमोच्या मागच्या टोकाला एक छोटा गिअरबॉक्स असतो, त्याच्यातून केबल निघते. त्यासाठी आर्मेचरचा शाफ्ट मागे बाहेर आलेला हवा. लुकास सी४५ मुंबईच्या चोरबाजारात अजूनही दिसतो, पण साधा. हवा तो सी४५वायव्ही.

भाच्याने पाठवलेला डायनॅमो बरोबर निघाला. मागचा गिअरबॉक्सही सोबत होता, पण आतली पितळी चकती दात गेलेली. नवी चकती भोसरीत कापून घेतली, फॉस्फर ब्राँझची. जुन्या चकतीचे उरलेले दात प्रोजेक्टरवर मोठे करून मोजले आणि कोन उतरवला. या गिअरबॉक्सात तेल नाही, ग्रीस घालायचं, नाहीतर तेल आर्मेचरमध्ये उतरतं. आधीच्या कुणीतरी तेच केलं असणार, कम्युटेटर काळाकुट्ट होता.

१२ जानेवारी २०२५
इंजिन जोडून पूर्ण. टॅपेटची फट १९ थाऊ, गरम असताना. हा सुरुवातीच्या कॅमचा आकडा. टीडीच्या पुढच्या कॅमचा १२ आहे आणि इंटरनेटवर तोच जास्त दिसतो, म्हणून गाडीच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय. रंग करडा-हिरवट. गडद लाल नको, तो टीडी-टीएफ या नंतरच्या मॉडेलांचा.

१९ जानेवारी
तेलाचा पंप ब्लॉकच्या बाजूला, चेंबरमधल्या तेलापेक्षा उंच. बराच वेळ उभा राहिला की त्यातलं तेल उतरतं आणि तो नुसता हवा फिरवतो. आधी पंपात तेल ओतलं, प्लग काढून सेल्फने फिरवलं. गेजचा काटा उठल्यावरच प्लग लावले.

स्टँडवर चालू केलं. तेलाचा दाब गरम झाल्यावर पन्नासच्या वर. मागे तेलाचा थेंब नाही. दोन्ही कार्बोरेटर नळीने ऐकून जुळवले, मागचा थोडा जास्त ओढत होता.

अजून हवं असलेलं : लुकासची क्यू१२ कॉइल, १९४८चा शिक्का असलेली, आतून गेलेली असली तरी चालेल. आणि पंपाच्या वरच्या पितळी नटांची जोडी. हिंदुस्थान टेनचं आणखी एखादं उघडलेलं इंजिन कुणाच्या नजरेत असेल, तर बोल्टांसकट सगळं घेईन.